आईच्या आवाजाची फर्माईश

"उज्वला, तुझ्या आईचा आवाज काढून दाखवतेस का?"

प्रश्न एवढाच. पण तो विचारायचा कुठे? भर गॅदरिंगमध्ये, खच्चून भरलेल्या मांडवात, ताडकन उभं राहून, आणि उज्वलाची आई पहिल्या रांगेत बसलेली असताना! सायकल स्टँडवर सुवर्णानं ही पैज लावली तेव्हा बाकीच्या पोरींनी "ओऽऽ" करून शाळा डोक्यावर घेतली.

"आणि नाही विचारलंस तर?" सुवर्णा म्हणाली. "आमच्या सगळ्यांच्या प्रॅक्टिकलच्या वह्या तू लिहायच्या. आणि पुराव्याला व्हिडिओ पाहिजे हां. तोंडी बाता नाही चालणार."

"विचारीन," साई म्हणाली. "ऐकू नाही आलं तर दोनदा विचारीन."

मागच्या वर्षीची साई असती तर तिनं वह्या लिहून दिल्या असत्या. मागच्या वर्षीपर्यंत साई म्हणजे शेवटच्या बाकावरची, हजेरीला 'यस सर' म्हणतानाही चाचरणारी पोरगी. अकरावीत आली, वादविवाद स्पर्धेला कुणी मिळेना म्हणून सरांनी तिला उभं केलं, आणि तिनं समोरच्या शाळेच्या दोन पोरांना असं काही धुतलं की परीक्षक घंटा वाजवायची विसरले. त्या दिवशी साईला शोध लागला की आपल्याला तोंड आहे. आणि तोंड आहे हे कळल्यावर माणसाला पहिली आठवण येते ती ज्याला ऐकवायचं राहून गेलंय त्याची. साईला उज्वलाची आली.

साईचे पप्पा रंगनाथ मखमलाबादच्या शिवारात शेवंती आणि गुलाब करायचे. आई सिंधुबाई ती फुलं घेऊन पंचवटीत देवळाच्या वाटेवर बसायची. दुकान म्हणजे चार बांबू, वर निळी ताडपत्री आणि खाली ओल्या गोणपाटावर फुलांचे ढीग. पाटी नव्हती, कारण सिंधुबाईचा आवाज हीच पाटी. "शेवंतीऽ आली शेवंतीऽऽ! देवाची घ्या, डोक्याची घ्या, रुसल्या बायकोची घ्याऽऽ हाऽऽ!" शेवटचा तो 'हाऽऽ' असा काही वर चढायचा की रिक्षावाले हॉर्नवरचा हात काढून ऐकायचे.

दहावीच्या निरोप समारंभात उज्वलानं नेमका तोच आवाज काढला. उज्वला म्हणजे साईची तिसरीपासूनची जिवाभावाची मैत्रीण, आणि नकलांमध्ये एक नंबर. मुख्याध्यापक झाले, शिपाई झाला, आणि शेवटी तिनं ओढणी डोक्यावर घेतली, स्टेजवर मांडी घातली आणि सुरू केलं, "शेवंतीऽ आली..." सगळी शाळा हसून लोळली. कुणीतरी शूट केलं आणि आठ दिवसांत तो व्हिडिओ पंचवटीभर झाला.

मग पोरं बाइकवरून जाताना दुकानासमोर वेग कमी करून 'हाऽऽ' ओढायला लागली. चांगल्या घरच्या बायका मोबाईल रोखून म्हणायच्या, "मावशी, तो आवाज काढा ना एकदा, रील करायचंय." सिंधुबाई आधी हसली. मग कसनुशी हसली. मग एक दिवस तिनं ओरडणंच सोडलं. आता ती मान खाली घालून वेण्या गुंफायची, आणि गिऱ्हाईक अगदी पुढ्यात येऊन उभं राहिलं की हळूच म्हणायची, "काय देऊ?" घरातसुद्धा आवाज खालीच. वावरातून पप्पांना जेवायला बोलवायचं तर पूर्वी ओट्यावरून एक हाक पुरायची. आता ती साईला पाठवायची.

आणि हे सगळं करून उज्वला नामानिराळी! निकाल लागला आणि ती सुरगाण्याला निघून गेली. तिची आई प्रतिभा मॅडम. त्या ज्या संस्थेत शिकवायच्या त्या संस्थेनं त्यांची बदली तिकडच्या डोंगरातल्या कॉलेजात केली, वडील नोकरीला पुण्यात, म्हणून मुलगी आईबरोबर गेली. तिचे मेसेज यायचे. साई एकालाही उत्तर द्यायची नाही. मग जानेवारीत एक आला, "आमचं गॅदरिंग आहे. माझा नकलांचा कार्यक्रम आहे. शनिवार-रविवार ये ना गं. प्लीज."

साईनं वर्षभरात पहिल्यांदा उत्तर पाठवलं. "येते."

सगळ्यांना माहीत होतं की उज्वला जगात एकाच माणसाला टरकते, स्वतःच्या आईला. तिची नक्कल केली तर घरी गेल्यावर खैर नाही. नाही केली तर सगळ्या कॉलेजसमोर फजिती, की दुसऱ्याची आई चालते आणि स्वतःची नाही चालत का? इकडे आड, तिकडे विहीर. साईनं रात्रंदिवस त्या आड-विहिरीचा नकाशा काढला होता.

निघताना सिंधुबाईनं केळीच्या पानात गुंडाळलेल्या दोन वेण्या पिशवीत ठेवल्या.

"आई! तिला? तिला वेणी देतेस तू?"

"पोर हाय ती," सिंधुबाई म्हणाली. "आन् मॅडम मोठं मानूस. रिकाम्या हातानं कुनाच्या दारी जाऊ नाय."

साईनं दातओठ खाऊन पिशवी उचलली.

पप्पांनी नाशिकच्या सीबीएस स्टँडवर बसमध्ये बसवून दिलं. एकटीनं करायचा पहिला प्रवास, पण भीती कुठल्या कुठे! दिंडोरी गेली, वणी गेलं, खिडकीतून गार वारा यायला लागला, आणि साई मनातल्या मनात प्रश्नाची तालीम करत होती. 'काढून दाखवतेस का' म्हणावं की 'दाखवशील का'? 'दाखवतेस का' बरं. त्यात आर्जव आहे. आर्जवानं मारलेली चपराक जास्त लागते. बोरगावला उतरून ती जीपमध्ये बसली. जीपमध्ये सोळा माणसं, दोन कोंबड्या आणि भाताचं एक पोतं होतं. समोरच्या आजींनी विचारलं, "कुठं चालली गं बाय?" तर ही हसून म्हणाली, "मैत्रिणीकडे." आणि तो शब्द जिभेवर असा फिरवला, जशी कैरीची फोड.

उज्वला जीपच्या थांब्यावर उभीच होती. धावत येऊन गळ्यात पडली. वाळली होती. साईचे हात तसेच खाली, पिशवीच्या बंदावर.

"आलीस! मला वाटलं शेवटच्या क्षणाला रद्द करशील."

"छे गं," साई गोड आवाजात म्हणाली, "तुझा कार्यक्रम चुकवीन होय मी?"

गाव छोटंसं. एक बाजाराची वाट, चढावर कॉलेज, मागे मुलींचं वसतिगृह आणि जिकडे बघावं तिकडे डोंगर. उज्वला तिला वळणाखालच्या स्ट्रॉबेरीच्या वावरात घेऊन गेली. पानाच्या द्रोणात शेतकऱ्यानं ताजी फळं तोडून दिली. शत्रूच्या हातचं गोड लागू नये, पण लागलं. साईनं तीन द्रोण संपवले.

"रागावलीयेस ना अजून?" बांधावर बसल्यावर उज्वलानं विचारलं.

"मी? कशाबद्दल?"

"साई, नाटक नको करू. तुला येत नाही."

"तुला येतं ना. तू कर."

उज्वला काडीनं माती उकरत राहिली. मग म्हणाली, "काकू खरंच ओरडत नाहीत आता? सुवर्णानं सांगितलं मला."

"नाही ओरडत."

"साई, पण तो आवाज तूच शिकवला होतास मला. तुमच्या गच्चीवर. 'हा' गळ्यातून नाही, पोटातून काढ, म्हणाली होतीस. आणि स्टेजवर करू का म्हणून मी तुला विचारलं होतं. तू म्हणालीस, कर, भारी होईल."

हे खरं होतं. आणि त्याहून वाईट म्हणजे त्या दिवशी सगळ्यात मोठ्यानं हसलेली पोरगी म्हणजे साई. व्हिडिओच्या एका कोपऱ्यात ती दिसते, टाळ्या वाजवताना. ही गोष्ट तिनं सुवर्णालाही सांगितली नव्हती. आपलंही बोट त्यात होतं हे आठवलं की माणूस नरम पडतो म्हणतात. साईचं उलटं झालं. आधी नुसती धग होती, आता भडका उडाला.

"स्टेजवर कर म्हणाले होते," ती म्हणाली. "गावभर फिरव असं म्हणाले होते का? व्हिडिओ कुणी पसरवला, मी?"

उज्वला कपड्यांवरची माती झटकून उठली. "घरी चल," ती म्हणाली, "आई वाट बघत असेल."

बघा! उत्तर नाही. चोराच्या मनात चांदणं. साईनं उरलेली शंकाही पुसून टाकली. उद्या विचारायचंच.

प्रतिभा मॅडमचं घर कॉलेजच्या मागेच. मॅडम दारात आल्या, इस्त्रीची साडी, हसू अगदी मापात. साईनं वेण्या पुढे केल्या.

"अय्या, किती गोड! दुकानात उरलेल्या का गं?" मॅडमनी वेण्या दोन बोटांत धरल्या, वास घेतला आणि आत हाक मारली, "नवसाबाई! या तुम्ही माळा बरं का. मला शेवंतीनं डोकं चढतं."

नवसाबाई म्हणजे वसतिगृहाच्या स्वयंपाकीण. संध्याकाळी मॅडमकडेही त्याच भाकऱ्या करायच्या. पन्नाशीची, काळीसावळी, काटक बाई. तिनं वेणी डोळ्यांना लावली आणि एक तिथेच अंबाड्यात खोचली. "कुनी गुंफली गं? लय घट्ट हात हाय."

"माझ्या आईनं," साई म्हणाली. त्या घरात तेवढंच एक वाक्य तिला मोठ्यानं बोलावंसं वाटलं.

जेवताना मॅडमनी चौकशी केली. "आई कशी आहे तुझी? ओरडते का अजून? काय मजा यायची हं! टॅलेंट आहे बरं का अशा लोकांत. फक्त शिक्षण नाही."

"आता नाही ओरडत," साई म्हणाली.

"अरेरे," मॅडम म्हणाल्या, आणि नागलीची दुसरी भाकरी मागून घेतली. मग उज्वलाकडे वळल्या. "उद्या मी पास केलेल्या पाचच नकला हं. जीपवाला, कंडक्टर, शेजारीण, बातम्या, दुकानदार. पाहुणे आहेत. सहावी नको. ऐकलंस?"

"हो," उज्वला म्हणाली. तिचा आवाज एवढासा. चार माणसांत सिंहीण असणारी ही पोरगी या घरात उंदीर होऊन बसली होती. साईला ते दिसलं, आणि क्षणभर काहीतरी हललं आत. पण क्षणभरच. 'टॅलेंट आहे अशा लोकांत' हे वाक्य भाकरीबरोबर घशात अडकलं होतं. आई तशी लेक. उद्या दोघींनाही एकाच दगडात!

रविवारी दहा वाजता कॉलेजच्या मैदानात मांडव भरला. पाड्यापाड्यांवरून आलेली पाच-सहाशे मुलंमुली, त्यांचे आईबाप, मागे कडेवर पोरं घेतलेल्या बाया. पहिल्या रांगेत प्राचार्य, शेजारी प्रमुख पाहुणे गोरक्षशेठ, म्हणजे टोमॅटोचे बडे व्यापारी, पांढरेशुभ्र कपडे, आणि त्यांच्या शेजारी प्रतिभा मॅडम, कारण सगळं आयोजन त्यांचंच. साई चौथ्या रांगेत बसली, कडेला. मोबाईल हातात. बॅटरी शंभर टक्के.

उज्वला स्टेजवर आली आणि काय सांगावं, शत्रू असला तरी मानावंच लागेल! जीपवाला होऊन तिनं सतरावं माणूस जीपमध्ये असं कोंबलं, "मावशी, मांडीवर नाय, मांडीखाली बसा!" की मांडव गदगदून हलला. बातम्या झाल्या, शेजारीण झाली. गोरक्षशेठ पोट धरून हसत होते. मॅडम मापात हसत होत्या. पाचवी नक्कल संपली, टाळ्या पडल्या, आणि सूत्रसंचालन करणारा मुलगा रिवाजाप्रमाणे माईकवर म्हणाला, "आणि आता प्रेक्षकांतून फर्माईश! कुणाचा आवाज ऐकायचाय?"

मागून पोरं ओरडायला लागली. साई उभी राहिली. हात वर केला. माईक फिरत फिरत तिच्यापर्यंत आला. डाव्या हातात रेकॉर्डिंग सुरू केलेला मोबाईल, उजव्या हातात माईक. आवाज वादविवाद स्पर्धेसारखा खणखणीत निघाला.

"उज्वला, तुझ्या आईचा आवाज काढून दाखवतेस का?"

मांडवात हशा पिकला. "मॅडमचा! मॅडमचा!" पोरांनी ताल धरला. पहिल्या रांगेतून मॅडमनी मागे वळून साईकडे पाहिलं, हसू तसंच, डोळे मात्र नाही. मग त्यांनी स्टेजकडे बघून मान अगदी हलकेच, डावीकडून उजवीकडे हलवली.

उज्वला पांढरीफटक पडली. तिनं आईकडे पाहिलं. मग साईकडे. साईनं तिची नजर सोडली नाही. 'बोल की आता,' तिचे डोळे म्हणत होते, 'दाखव आता तुझी कला.' मोबाईल तिनं आणखी थोडा वर धरला.

आणि मग उज्वलानं खांद्यावरची ओढणी काढली, साडीच्या पदरासारखी चापूनचोपून घेतली, मान किंचित तिरकी केली, आणि कानाला न दिसणारा फोन लावला.

"हॅलो, हां ताई, बोलते बरं का."

मांडव फुटला! तोच आवाज. तो नाकात अडकलेला 'बरं का', ते मापातलं हसू. प्राचार्यसुद्धा खदखदून हसले.

"अगं काय सांगू ताई, काळ्या पाण्याची शिक्षा आहे गं ही. गॅदरिंग चाललंय. हो ना, मीच करतेय सगळं, दुसऱ्या कुणाला येतंय इथे? प्राचार्य? त्यांना इंग्रजीतला अर्ज वाचून दाखवावा लागतो बरं का. मग ते मान हलवतात. कळल्यासारखी."

प्राचार्यांचं हसू गालावरच राहिलं. मागची पोरं अजून हसत होती.

"पाहुणे ना? अगं टोमॅटोवाला कुणीतरी. हार घातला की खूश. आणि पोरं? पोरांचं काय सांगू. डोंगरातली पोरं गं. वर्गात गेलं की आधी खिडक्या उघडते मी. यांना शिकवून काय करायचंय, परत नागलीच लावायचीय ना."

आता हसू मांडवाच्या मागच्या बाजूनं विझत विझत पुढे आलं. कुठेतरी एक लहान पोर तेवढं हसत होतं, त्याच्या आईनं त्याला गप्प केलं. उज्वला थांबली नाही. साईला वाटलं, आता तिला थांबता आलंही नसतं.

"जेवायचे तर हाल. ती नवसाबाई आहे ना, तिच्या हातचं जेवताना मी डोळे मिटून घेते बरं का."

मांडवाच्या कडेला, भांड्यांपाशी उभी असलेली नवसाबाई कालची वेणी अंबाड्यात घालून ऐकत होती. तिनं कमरेवर हात ठेवले आणि माईकशिवाय, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं विचारलं, "मंग काल दोन भाकरी डोळे मिटूनच मागितल्या का हो मॅडम?"

पुन्हा हशा उसळला. आधीचा हशा गमतीचा होता, हा वेगळा होता. मॅडम उठून उभ्या राहिल्या. "उज्वला! खाली उतर!"

उज्वलाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज आईचाच राहिला.

"आणि ताई, तो व्हिडिओ पाहिलास का, मी पाठवलेला? अगं आमच्या उजूची नक्कल, ती फुलवालीची. मीच शूट केला आणि मीच सगळ्या ग्रुपांवर टाकला. उजू रडली गं, डिलीट कर म्हणत होती. मी म्हटलं, वेडी आहेस का? किती लोकांनी पाहिला! असल्या बायकांना काय वाटतं? त्यांना कुठे असते इज्जत-बिज्जत."

तिनं न दिसणारा फोन ठेवला. माईक खाली ठेवला. आणि स्टेजवरून उतरून गेली.

साई उभीच होती. हात खाली येत नव्हता. वर्षभर तिनं दगड एका माणसाला मारायचा म्हणून जपला होता, आणि त्याच माणसानं तो तिच्या हातातून काढून घेऊन बरोब्बर जिथे लागायला पाहिजे तिथे मारला होता. आणि खोटं कशाला बोलायचं? साईला आनंद झाला. पोटातून, 'हा' जिथून निघतो तिथून. मॅडम गोरक्षशेठांना काहीतरी समजावत होत्या आणि शेठ टोपी झटकून निघाले होते. पोरं बाकं वाजवत होती. प्राचार्य खुर्चीत बसून स्वतःच्या बुटांकडे बघत होते. साईनं हे सगळं डोळे भरून बघितलं. एक थेंबही सांडू दिला नाही.

मांडवामागे ती पोचली तेव्हा मॅडम तिथे आधीच होत्या. उज्वलाचा दंड धरलेला. "लाज वाटली नाही? आईची? माझं नाव मातीत घातलंस!" साई दिसताच त्या तिच्यावर वळल्या. "आणि तू! दोन वेळ घरात जेवू घातलं तुला मी!"

"एकच वेळ, मॅडम," साई म्हणाली. "भाकऱ्या नवसाबाईंच्या होत्या."

"चालती हो इथून! आणि तूही जा, उजू! जा, त्या फुलवाल्यांकडेच राहा जा!"

उज्वलानं दंड सोडवून घेतला. डोळे पुसले. "बरं," म्हणाली.

मॅडमना वाटलं असेल, रागाच्या भरात बोलतेय. पण दहा मिनिटांनी उज्वला पाठीवर सॅक अडकवून जीपच्या थांब्यावर हजर. गॅदरिंगनंतर कॉलेजला दोन दिवस सुट्टीच होती. साई काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "तुझ्यासाठी नाही केलं मी. आणि तू काय करायला आली होतीस ते मला कालच कळलं होतं."

"मग केलंस का?"

"वर्षभर आरशासमोर करत होते. कुणी फर्माईशच केली नाही."

जीप घाट उतरायला लागली. साईच्या फोनची थरथर थांबेना. सुवर्णा, "विचारलंस का???" मग, "व्हिडिओ टाक." मग, "टाक ना गं." मग नुसतंच ज्वाळांचं चिन्ह, सात वेळा. साईनं व्हिडिओ उघडला. नऊ मिनिटं. आवाज स्वच्छ. प्रत्येक 'बरं का' मोत्यासारखा. हा पंचवटीपासून सुरगाण्यापर्यंत फिरला तर! बाइकवरची पोरं मॅडमच्या दारासमोर वेग कमी करून 'बरं काऽऽ' ओढतील. साईच्या तोंडाला पाणी सुटलं.

उज्वला खिडकीबाहेर बघत म्हणाली, "टाकायचा असेल तर टाक. मी नाही म्हणणार नाही."

साईचा अंगठा बटणावर आला. आणि तिथेच घुटमळला. व्हिडिओ पाठवला की तो सुवर्णाचा होणार, मग सगळ्यांचा. लोक चार दिवस हसतील. मॅडम दाराला कडी लावून बसतील, दुसरीकडे बदली मागतील, संपलं. आणि आई? आई तशीच, मान खाली घालून वेण्या गुंफत. चुकलं म्हणायला तिच्यासमोर कुणीच येऊन उभं राहणार नाही. हे कमी होतं. साईला जास्त पाहिजे होतं. तिनं फोन बंद करून पिशवीच्या तळाशी टाकला आणि नाशिक येईपर्यंत विचार केला.

ऊन उतरताना दोघी मखमलाबादला पोचल्या. सिंधुबाई ओट्यावर उद्याच्या फुलांच्या परड्या धुऊन पालथ्या घालत होती. पप्पा अंगणात येरझाऱ्या घालत होते, फोन हातात.

"आली का महाराणी!" पप्पा म्हणाले. "तीनदा फोन आला मॅडमचा. रडत व्हत्या. पोलिसात जाईन म्हनल्या. आगं, मोठी मानसं हायेत ती, आपन फुलं इकनारे. काय करून आली तू तिथं?"

सिंधुबाईनं साईच्या मागे उभी असलेली उज्वला पाहिली. हातातली परडी तशीच राहिली. उज्वला खाली मान घालून पुढे आली. "काकू, मी..."

"जेवल्या का पोरींनो?" सिंधुबाईनं हळू आवाजात विचारलं.

उज्वलाला रडू फुटलं. ती ओट्याच्या पायरीवर बसली ती बसलीच. आणि मग हुंदके देत देत तिनं सगळं सांगितलं. नक्कल कुणी शिकवली तेही, शूट कुणी केला तेही, ग्रुपांवर कुणी टाकला तेही. साईनं मध्ये एकच वाक्य घातलं, "आणि मी हसले होते आई, सगळ्यात मोठ्यानं." सिंधुबाई ऐकत राहिली. एकदाच तिनं विचारलं, "असल्या बायकांना इज्जत नसती, असं म्हनल्या?" उज्वलानं मान हलवली. सिंधुबाईनं परडी खाली ठेवली, हात लुगड्याला पुसले, पुन्हा पुसले.

पप्पांच्या हातातला फोन वाजला. चौथ्यांदा. पप्पांनी साईपुढे धरला. "घे. दोन शब्द बोल, चुकलं म्हन, मिटव. मोठ्यांशी वैर नको आपल्याला."

साईनं फोन घेतला नाही. ती ओट्यावर चढली. मागच्या वर्षी हजेरी देताना चाचरणारी पोरगी आईबापासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आई, पप्पा, मी ठरवलंय. चुकलं म्हणणार नाही. व्हिडिओ माझ्याकडे आहे, तो कुणाला देणार नाही, मॅडमनासुद्धा नाही. आणि उज्वला आपल्याकडे राहणार, तिचं तिनं ठरवलंय. मॅडमना मुलगी न्यायची असेल तर इथं घरी गुपचूप यायचं नाही. उद्या सकाळी पंचवटीत यायचं, दुकानावर, ऐन गर्दीच्या वेळी. आईसमोर उभं राहायचं, काय केलं ते सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं, आणि माफी मागायची. आई 'न्या' म्हणाली, तरच न्यायची."